अलंकार आपल्याच बोलण्यातले



आज आपण अलंकारांवर बोलणार आहोत. गळ्यात घालायचे ते वेगळे, हे बोलण्यातले. म्हणाल, आमच्या मागे एवढी कामं आणि तुम्ही हे काय काढलंत? तर आधी हा विषय का काढला ते सांगतो.

मागच्या महिन्यात एक मैत्रीण कांदे काढायच्या कामावरून थेट आमच्या केंद्रावर आली. पिशवीत मुलाची चौथीची वही होती. म्हणाली, "ताई, पोरगं दोन दिस झाले वही दाखवंना. यात लाल शाईनं काय लिवलंय तेवढं वाचून सांगा." आम्ही वही उघडली. 'रिकाम्या जागा भरा' असा प्रश्न होता आणि खाली ओळ होती : 'आईचे हात ……सारखे आहेत.' पोरानं त्या जागेत लिहिलं होतं, 'बाभळीच्या साली'. त्यावर लाल फुली होती आणि बाजूला शिक्षकांनी लिहिलं होतं, 'फुलासारखे'.

आम्ही मोठ्यानं वाचलं. ती आधी हसली. मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "खरंच लिवलंय की गं पोरानं. मग चुकलं काय?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर आधी उपमा म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. म्हणून आजची ही गप्पा. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी आहेच, पण ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी जास्त आहे. कारण या अभ्यासात पुस्तकापेक्षा तोंडी बोलण्याला महत्त्व आहे, आणि बोलण्यात आपण बायका कुणाला हार जात नाही.

उपमा : कशासारखं आणि का

आपण म्हणतो, "भाकरी चंद्रासारखी गोल झाली." या एका वाक्यात चार गोष्टी आहेत. आपण बोलतोय भाकरीबद्दल, म्हणून भाकरी झाली उपमेय. तिची तुलना केली चंद्राशी, म्हणून चंद्र झाला उपमान. दोघांत सारखं काय आहे? गोलपणा. तो झाला समान गुण. आणि दोघांना जोडणारा शब्द आहे 'सारखी'. जसा, जशी, प्रमाणे, वाणी, परी हे शब्दही तेच काम करतात. पोरांना उपमेय आणि उपमान यांत हमखास गोंधळ होतो. त्यांना एवढंच सांगा : जे आपल्यासमोर आहे, ज्याची गोष्ट चाललीय, ते उपमेय. जे तुलनेसाठी बाहेरून आणलं, ते उपमान.

या चारांत सगळ्यात महत्त्वाचा समान गुण. उपमान दिसायला सुंदर असलंच पाहिजे असं कुठेही नाही. दोघांत काहीतरी खरोखर सारखं असलं पाहिजे. "पोरगं शेरडासारखं उड्या मारतंय" ही चांगली उपमा आहे, कारण शेरडाच्या उड्या आपण रोज बघतो. "भर उन्हात रस्ता तव्यासारखा तापलाय" हीही चांगली, कारण चटका दोन्हीकडे बसतो. आता "पोरगं विटेसारखं उड्या मारतंय" म्हटलं तर ऐकणारी थांबून विचारेल, वीट कधी उडी मारते? तिथे समान गुणच नाही, म्हणून उपमा बसत नाही.

आता त्या वहीकडे परत या. आईचे हात हे उपमेय. बाभळीची साल हे उपमान. समान गुण खरखरीतपणा, भेगा. 'सारखे' हा जोडशब्द तर प्रश्नातच होता. चारही गोष्टी जिथल्या तिथे आहेत. म्हणजे पोराची उपमा अगदी बरोबर होती. त्याला उपमा कळली होती, आणि शिवाय त्यानं आईच्या हाताकडे नीट बघितलं होतं.

फुलासारखे हात हीही उपमाच. ज्याच्या आईचे हात तसे असतील त्यानं तसं खुशाल लिहावं. पण कांदे काढणाऱ्या बाईच्या पोरानं ते लिहिलं असतं तर तो नुसता पाठ केलेला शब्द झाला असता.

उत्प्रेक्षा आणि रूपक

उपमेच्या दोन बहिणी आहेत. तिघींची ओळख पटवताना मोठी मुलंसुद्धा अडखळतात, म्हणून एकच उदाहरण तिन्ही तऱ्हांनी घेऊ. फुटलेल्या कापसाचं शेत डोळ्यांसमोर आणा.

"कापसाचं शेत चांदण्यासारखं पांढरं दिसतंय." इथे शेत वेगळं, चांदणं वेगळं, दोघांत सारखेपणा आहे. ही उपमा.

"कापसाचं शेत असं फुललंय, जणू रात्रीचं चांदणं सकाळी परत जायचं विसरलंय." इथे मनाला क्षणभर वाटून गेलं की हे चांदणंच असावं. ही उत्प्रेक्षा. तिची खूण म्हणजे 'जणू', 'जणू काय', 'वाटे' असे शब्द.

"आमचं कापसाचं शेत म्हणजे जमिनीवरचं चांदणं." इथे सारखं नाही, जणू नाही. शेत आणि चांदणं एकच करून टाकलं. हे रूपक.

घरातलं रूपक हवं असेल तर आमच्यातली एक जण आपल्या सासूबाईंबद्दल म्हणते, "आत्या म्हणजे आमच्या घराची खुंटी. ज्याला त्याला आपलं ओझं तिथंच अडकवायचं असतं." खुंटी म्हणून तिनं सासूबाईंना लहान केलं नाही. घर कुणाच्या आधारावर उभं आहे ते एका शब्दात सांगितलं.

निर्जीवाला जीव येतो तेव्हा

"आज चूल रुसलीय, पेटतच नाही." "ढग नुसते तोंड दाखवून पळाले." "दार कुरकुरतंय." हे आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. चूल काही माणूस नाही की रुसेल. पण माणसाचा किंवा सजीवाचा गुण निर्जीव वस्तूला दिला की त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात. नाव अवघड आहे, पण फोडलं की सोपं होतं. चेतन म्हणजे जिवंत, गुण म्हणजे गुण, उक्ती म्हणजे बोलणं. जिवंतपणाचा गुण देऊन बोलणं. पोरांना नाव पाठ करायला लावण्याआधी असं फोडून सांगा, म्हणजे विसरणार नाहीत.

अतिशयोक्ती हे खोटं बोलणं नव्हे

एका आजींनी आम्हाला फोनवर विचारलं होतं, "पोरांना खरं बोला म्हणून शिकवायचं आणि पुस्तकात मात्र वाढवून सांगायचं, हे कसं?" प्रश्न रास्त आहे.

"यांच्या घोरण्यानं घरावरचे पत्रे उडाले" असं आपण म्हणतो, तेव्हा ऐकणारी पत्रे शोधायला बाहेर धावत नाही. घोरणं फार मोठं होतं एवढंच तिला कळतं. सांगणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही ठाऊक असतं की हे वाढवून सांगितलंय. ती अतिशयोक्ती. पण दुकानदारानं आठशे ग्रॅमचं एक किलो म्हणून दिलं, तर ते फक्त त्यालाच माहीत असतं, आपल्याला नसतं. ते खोटं. पोरांना हा फरक असाच सांगा, पटकन समजतो.

कानाचे अलंकार : यमक आणि अनुप्रास

आतापर्यंतचे सगळे अर्थाचे अलंकार झाले. आता दोन अलंकार कानाचे, म्हणजे शब्दांच्या आवाजाचे. शाळेत त्यांना शब्दालंकार म्हणतात.

यमक म्हणजे ओळींच्या शेवटी सारखा आवाज येणं. उखाणा घेणाऱ्या बाईला हे शिकवायची गरजच नाही. "अंगणात वाळवली उडदाची डाळ, …रावांचं नाव घेते, झाली संध्याकाळ." डाळ आणि काळ जुळले, की मांडवातल्या बायका 'वा' म्हणतात. भोंडल्याच्या, हादग्याच्या गाण्यांत तर यमकावरच फेर चालतो.

पहिली-दुसरीच्या पोरांना यमक जुळणारे शब्द शोधायला सांगतात. तिथे एक बारकावा लक्षात ठेवा. 'पाणी' आणि 'राणी' छान जुळतात. 'पाणी' आणि 'लोणी' यांत शेवटचं अक्षर एकच आहे, पण त्याच्या आधी एकीकडे 'आ' आहे आणि दुसरीकडे 'ओ', म्हणून कानाला ते अर्धवट वाटतं. शेवटच्या अक्षराबरोबर त्याच्या आधीचा स्वरही जुळला की यमक पक्कं बसतं. लिहून बघायला नको, मोठ्यानं म्हणून बघा.

अनुप्रासात एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं आणि त्यानं नाद तयार होतो. "काकूनं काल कांदा कापून कालवण केलं." झाला की नाही 'क'चा अनुप्रास? जेवायला बसल्यावर पोरांशी हा खेळ खेळा. एकानं अक्षर द्यायचं, दुसऱ्यानं वाक्य करायचं. वाक्याला अर्थ मात्र हवा, नुसते शब्द गोळा करायचे नाहीत.

वाक्प्रचार आणि म्हण

या दोघांतही घोटाळा होतो. वाक्प्रचार हा शब्दांचा छोटा गट असतो आणि त्याच्या शेवटी बहुधा क्रियापद असतं : कानाडोळा करणे, पोटात कावळे ओरडणे, डोळ्यांत तेल घालून जागणे. तो एकटा वापरत नाहीत, वाक्यात बसवतात आणि तो वाक्याप्रमाणे बदलतो. "माझ्या पोटात कावळे ओरडतायत", "काल दिवसभर ओरडत होते." म्हण मात्र स्वतःच पुरं वाक्य असते, सगळ्यांच्या अनुभवातून आलेलं : नाचता येईना अंगण वाकडं, थेंबे थेंबे तळे साचे. ती आहे तशीच वापरतात.

एका मुलीनं आईला विचारलं, "डोळ्यांत तेल घातलं तर झोंबत नाही का गं?" आई हसली आणि गप्प राहिली. हसू नका, मैत्रिणींनो. त्या मुलीनं शब्दांचा सरळ अर्थ घेतला, म्हणजे ती नीट ऐकत होती. तिला सांगायचं, की वाक्प्रचारात शब्दांचा सरळ अर्थ बाजूला राहतो आणि ठरलेला दुसरा अर्थ निघतो. तेल घालून जागणं म्हणजे अगदी सावध राहणं. हा सरळ अर्थ आणि आतला अर्थ यांतला फरक कळला, की पोराला पुढे कविता समजायला लागते.

आणखी एक. आपल्याकडे बायकांना, एखाद्या जातीला, अंध-अपंगांना हिणवणाऱ्या म्हणीही पुष्कळ आहेत. पोरानं कुठून ऐकून घरात म्हटली, तर नुसतं रागावू नका. ही म्हण कुणी कुणाबद्दल केली असेल, आणि ती ऐकून त्या माणसाला काय वाटेल, एवढं विचारा.

जाता जाता कवितेचे आणि गोष्टीचे चार शब्द. कवितेच्या एका ओळीला चरण म्हणतात. काही ओळी मिळून कडवं होतं. जी ओळ प्रत्येक कडव्यानंतर परत येते ते ध्रुपद. भजनाला टाळ धरणारीला ध्रुपद वेगळं सांगायला नको. गोष्टीत जी माणसं किंवा प्राणी असतात ती पात्रं, ती एकमेकांशी बोलतात तो संवाद, आणि गोष्ट ऐकून जे शिकायचं ते तात्पर्य.

अक्षर न शिकलेली कवयित्री

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, हे सगळं खरं, पण मला सहीपलीकडे लिहिता येत नाही, मी पोराला काय शिकवणार?

तिच्यासाठी आम्ही खानदेशातल्या एका शेतकरी बाईचं नाव घेतो. बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोदे गावी 1880 साली त्या जन्मल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचून म्हणायच्या. त्यातली काही त्यांच्या घरच्यांनी लिहून ठेवली. त्यांचा मुलगा सोपानदेव चौधरी स्वतः कवी होता. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर 1952 साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं, आचार्य अत्रे यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आज त्यांच्या कविता मुलं शाळेत शिकतात, आणि जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

त्यांनी संसाराची तुलना कशाशी केली? चुलीवरच्या तव्याशी. तिथे 'जसा' हा शब्द आहे, म्हणून ती उपमा. आणि मनाला त्यांनी म्हटलं पिकात शिरणारं ढोर, कितीही हाकललं तरी पुन्हा पिकावर येणारं. तिथे सारखं नाही, जसं नाही. मन म्हणजेच ते ढोर, म्हणून ते रूपक. चटका आणि तवा, पीक आणि ढोर. यातलं काहीही त्यांनी लांबून आणलं नाही. रोज जे बघितलं तेच घेतलं, पण नीट बघून घेतलं.

आणि त्या एकट्याच नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सहकारी बायकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्या रचणाऱ्या आपल्याच आज्या-पणज्या. उपमा, रूपक ही नावं त्यांतल्या बहुतेकींनी कधी ऐकली नसतील. पण जात्याच्या घरघरीत त्या हे सगळं वापरत होत्या.

'अलंकार' या शब्दाची फोडही ऐका. संस्कृतात 'अलम्' म्हणजे पुरेसं. बोलणं पुरेसं करतो तो अलंकार. नुसतं 'ऊन फार आहे' म्हटलं तर पुरं पडत नाही. 'रस्ता तव्यासारखा तापलाय' म्हटलं की ऐकणारीच्या तळपायाला चटका बसतो, आणि बोलणं पुरं पडतं.

घरी काय करायचं

रोज दहा मिनिटं पुरतात, आणि तीही काम करता करता. भाकऱ्या थापताना पोराला समोरची एक वस्तू दाखवा आणि दोनच प्रश्न विचारा : "हे कशासारखं दिसतं?" आणि "का?" पहिल्या प्रश्नाला कुठलंही उत्तर चालेल. दुसरा प्रश्न मात्र सोडू नका, कारण समान गुण त्यातूनच सापडतो. 'का' सांगता आलं तर उपमा बरोबर. सांगता नाही आलं तर चूक म्हणू नका, दुसरं उपमान शोधायला सांगा.

तेच वाक्य मग 'जणू' घालून करायला सांगा, आणि मग 'म्हणजे' घालून. एका वाक्यात तिन्ही बहिणी होतात. नाव सगळ्यात शेवटी सांगायचं. प्राथमिक वर्गांत ही अवघड नावं साधारणपणे विचारत नाहीत, ती पुढच्या वर्गांत येतात. तोवर ओळख झालेली असली की नाव जड जात नाही.

आणि घरची बोली 'चुकीची' म्हणून पोराला कधी गप्प करू नका. वहीत प्रमाण भाषेत लिहायला ते शाळेत शिकेलच. पण 'शेरडं', 'कालवण', 'खुंटी' हे शब्द त्याच्याकडे असले, तर त्याच्याकडे उपमानांचं कोठार भरलेलं असेल.

आता त्या वहीचं पुढे काय झालं ते सांगतो. आमच्या मैत्रिणीला आम्ही चार गोष्टी समजावून सांगितल्या, उपमेय, उपमान, समान गुण, जोडशब्द, आणि तिनं त्या बोटांवर मोजून पाठ केल्या. पालकसभेच्या दिवशी ती वही घेऊन शाळेत गेली. भांडायला नाही. शिक्षकांपुढे तिनं आधी आपले हात धरले, मग वही धरली, आणि बोटं मोजत चारही गोष्टी सांगितल्या. शिक्षक जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, उत्तरपत्रिकेत 'फुलासारखे' होतं, म्हणून तपासताना फुली मारली गेली. त्यांनी ती फुली खोडली नाही, पण तिच्याशेजारी बरोबरची खूण केली. त्या ओळीवर आता दोन्ही खुणा आहेत.

पोरानं त्या दिवसापासून वही लपवली नाही, असं ती सांगते. उलट संध्याकाळी तिला विचारत बसतं, "आई, तुझे पाय कशासारखे गं?" ती म्हणते, "तूच सांग, आणि का तेही सांग."

तुमच्या घरी पोरांनी काय काय सांगितलं ते आम्हाला जरूर कळवा. वाचता-लिहिता येत नसेल तर फोनवर सांगा, केंद्रावर येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ आणि पुढच्या वेळी वाचून दाखवू. 'का' मात्र विसरू नका.

बरं, येतो आता. तव्यावरची भाकरी उलटायची वेळ झाली असेल.